सायकल, नदी, खाट

वच्छलानं प्रेमलताचं मनगट धरलं आणि तिला उंबऱ्यावरूनच ओढत चुलीपाशी नेलं. प्रेमलताच्या डोक्यावरचा गवताचा भारा अंगणातच पडला. हातातला विळा तिनं कसाबसा कोनाड्यात टाकला.

"अवो बाई, सोडा. काय झालं?"

सवयीनं विचारलं, एवढंच. तिच्या नवऱ्याची ही थोरली बहीण जन्मापासून बहिरी होती, आणि म्हणून मुकीही. वच्छलानं मनगट सोडलं नाही. तिचे डोळे रडून सुजले होते. कोळशानं माखलेलं बोट तिनं भिंतीवर ठेवलं.

पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या त्या भिंतीवर तीन चित्रं काढलेली होती. एक सायकल. तिच्यापुढे नदीच्या वळणदार रेघा. रेघांच्या पलीकडे चार पायांची खाट, वर कोणी नसलेली.

चुलीमागची ती भिंत म्हणजे वच्छलाची बोली. तिच्या आईनं, देवकाबाईनं, लहानपणीच तिच्या हातात कोळसा दिला होता. सायकल म्हणजे मधुकर, तिचा धाकटा भाऊ. विळा म्हणजे प्रेमलता. गोल म्हणजे भाकर. लग्न होऊन आल्यावर प्रेमलता ही चित्रं शिकली, पण एकेकटी. दोन चित्रं शेजारीशेजारी आली की ती अडखळायची. एकदा भाकरीशेजारी शेळी पाहून तिनं शेळीलाच दोन काठ्या हाणल्या. देवकाबाई पोट धरून हसली. "भाकर खाल्ली नाई तिनं. शेळी उपाशी हाय, तिले काही टाक, असं म्हनून राहिली थे." चित्रांची जुळणी फक्त आईला कळायची. आणि आई उन्हाळ्यात गेली. तिला उचलून नेलं त्या दुपारी वच्छलानं या भिंतीवर एकच चित्र काढलं होतं. रिकामी खाट.

त्यानंतर ती खाट भिंतीवर आज पहिल्यांदा दिसत होती.

प्रेमलतानं सायकलवर बोट ठेवलं, मग दाराबाहेर दाखवलं. हे कुठे आहेत? वच्छलानं नदीच्या दिशेनं हात केला. मग ती खाटेवर बोट आपटू लागली आणि दुसऱ्या हातानं स्वतःची छाती बडवू लागली. तिच्या घशातून निघालेला आवाज प्रेमलतानं फक्त एकदा ऐकला होता, उन्हाळ्यातल्या त्या दुपारी.

 सकाळपासून वरच्या अंगाला पाऊस झाला होता, हे प्रेमलताला यशवंतरावांच्या संत्र्याच्या बागेत निंदताना बायकांनी सांगितलं होतं. मधुकर सौंसरला संत्र्याच्या पेट्या ठोकायच्या कामाला होता. जाता-येता त्याला नदीवरचा रपटा ओलांडावा लागे. बुटका, बिनकठड्याचा पूल तो. पाणी चढलं की दिसेनासा व्हायचा.

ती तशीच पळत निघाली. चपला कुठे राहिल्या ते तिला कळलं नाही. विहाराच्या ओट्यावर शालिकराम काका बिडी ओढत बसले होते.

"काका, यायले पाह्यलं का?"

"सकाळी पाह्यला. सायकलवर होता, संगं कोनी पाहुना होता. नदीकडंच गेले." काकांनी तिच्या अनवाणी, चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "काहून वं? काय झालं?"

"वच्छलाबाईनं खाट काढली."

काकांना चित्रं वाचता येत नव्हती, पण तिचा चेहरा त्यांना वाचता आला. बिडी विझवून ते तिच्या मागे निघाले.

नदीचा आवाज वळणाअगोदरच ऐकू आला. काठावर दहा-बारा माणसं उभी होती. रपटा नव्हताच. तिथे लाल, फेसाळ पाणी एका दमात वाहत होतं, आणि मधूनच एखादं झुडूप मुळांसकट गिरक्या घेत जात होतं. प्रेमलता पाण्यापर्यंत गेली असती. काकांनी तिचा पदर धरला.

"कोनी उतरलं होतं का?" काकांनी विचारलं.

"दुपारी घसरलं म्हनते कोनी," एक गुराखी म्हणाला. "त्या काठाचे लोक वरडून राहिले होते. नीट ऐकू नाई आलं."

"मानूस का?"

"काय मालूम. वाहून गेलं, इतकंच समजलं."

प्रेमलता खाली बसली. तिला रडू येत नव्हतं. दात एकमेकांवर वाजत होते आणि ते थांबवायला तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. कोणी म्हणालं, खालच्या वळणावर बघायला पाहिजे. कोणी म्हणालं, आता उजेड किती उरला. ती मधेच उठायची, दोन पावलं पुढे जायची, पुन्हा बसायची. रोज सकाळी तो निघताना ती चुलीपुढून नुसती मान वर करायची. आज तीही केली नव्हती. तो निघायच्या आधीच ती निंदायला गेली होती.

"तो पाह्य," काका एकदम म्हणाले. "पलीकडं. निळा सदरा."

पलीकडच्या चढावर एक माणूस सायकल धरून उभा होता. त्यानं हात वर केला. प्रेमलता कितीतरी वेळ त्या हाताकडे पाहत राहिली. तो मधुकरच होता.

दिवस मावळायला पाणी जसं चढलं तसंच झरझर उतरलं. सायकल खांद्यावर घेऊन मधुकर गुडघाभर पाण्यातून आला. वाहून गेली ती कोणाची तरी म्हैस होती, असं त्यानं सांगितलं. माणसं हसली आणि पांगली. शालिकराम काकाही विहाराच्या वाटेनं गेले.

"तू कायले आली एवढ्या दूर?" चालता चालता मधुकरनं विचारलं. तो खुशीत होता.

 तिनं सायकलच्या मागच्या कॅरिअरला हात धरला होता, तो तिला सोडवत नव्हता.

"आज कामावर गेलोच नाई मी," तो म्हणाला. "तुले सांगनारच होतो. लोधीखेड्याचे भैय्याजी आले होते सकाळी, तू गेल्यावर. त्याहिची बायको वारली. घरी रांधाले कोनी नाई. बाईले पाहून गेले. भरलेली घागर उचलाले लावली, हात पाह्यले. पसंत हाय म्हने. बोलत नाई तं भांडनही नाई." तो हसला. "मंग त्याहिच्यासंगं जाऊन घर पाहून आलो. उद्या सकाळी येते ते घ्यायले."

"किती वयाचे हायेत?"

"असन साठीचे."

प्रेमलता थांबली. तिचा हात कॅरिअरवर होता म्हणून सायकलही थांबली.

"बाईले काय सांगतलं तुमी?"

"इशाऱ्यानं सांगतलं. सायकल दाखोली, नदीकडं हात केला, तिथं झोपाचं, तिथंच राहाचं म्हनून. समजली असन." मग तो जरा आवाज उतरवून म्हणाला, "तूच तं म्हनत होती, बाईचं कुठवर करायचं म्हनून."

ती म्हणाली होती. आखाडात, ताप अंगात असताना, भांड्यांच्या ढिगापुढे बसून. तिनं ते नाकारलं नाही. ती पुढे चालू लागली.

घरात दिवा लागला नव्हता. वच्छला दारात नव्हती, चुलीपाशी नव्हती. प्रेमलतानं कंदील पेटवला. ज्वारीच्या कोठीमागे, भिंत आणि कोठी यांच्या सांदीत, चाळीस वर्षांची ती बाई गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मधुकरची सावली पडताच ती आणखी आत सरकली.

"पाह्य कशी करते," मधुकर म्हणाला. "मी काय मारून राहिलो का तिले?"

प्रेमलतानं कंदील उचलून चुलीमागच्या भिंतीपाशी धरला. "हे वाचा."

"ते तुमचं बायायचं काम. मले नाई समजत."

"वाचून पाहा."

त्यानं वैतागून पाहिलं. "सायकल. म्हंजे मी. नदी हाय." तो खाटेपाशी येऊन थांबला. उन्हाळ्यात ही भिंत त्यानंही पाहिली होती. "आई कायले काढली इथं?"

"आई नाई थे. बाईनं सोताची खाट काढली."

मधुकरनं कोठीकडे पाहिलं, मग परत भिंतीकडे. बाहेर अंगणात पडलेल्या भाऱ्यातलं गवत शेळी ओढून खात होती, त्याचा आवाज येत राहिला.

"मी जबान देऊन बसलो," तो शेवटी म्हणाला. "चार लोकाईसमोर. आता भैय्याजीले काय सांगू?"

प्रेमलतानं आजवर त्याच्या शब्दापुढे शब्द ठेवला नव्हता. तिनं हातातला कंदील खाली ठेवला.

"नाई म्हना."

"अन् तुयाच्यानं होईन हे? जलमभर?"

"मालूम नाई," ती म्हणाली.

तो पायऱ्यांवर जाऊन बसला.  त्याच्या पाठीकडे पाहताना प्रेमलताला नदीवर वाटली होती तितकीच भीती वाटली. मग ती कोठीशी खाली बसली आणि अंधाऱ्या सांदीत हात घातला. बऱ्याच वेळानं कोळशानं खरबरीत झालेली, थंडगार बोटं तिच्या बोटांना लागली, आणि तिथंच थांबली.