वॉर्निशचा दिवस

"मिस पॅशल, वरची हवा कशी काय?" खालून कुणीतरी विचारलं आणि चारपाच चित्रकार खदखदून हसले.

शिडीवर उभ्या असलेल्या ऑर्फा पॅशलनं ब्रश वॉर्निशमध्ये बुडवला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक प्रदर्शनाचा हा वॉर्निशचा दिवस. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी यायचं, आपापल्या चित्रावर वॉर्निशचा हात फिरवायचा, वाटल्यास रंगही सुधारायचा, अशी रीत. वर्षानुवर्षं नाकारल्यावर यंदा कुठे ऑर्फाचं चित्र घेतलं होतं, आणि टांगलं होतं दाराच्या वर, पार छताला चिकटून. असल्या मानापेक्षा नकार परवडला!

चित्र आईचं होतं. करड्या भिंतीपाशी बसलेली, करड्या पोशाखातली आई. क्वेकर, म्हणजे कडक साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातली माणसं ही. भडक रंग वर्ज्य, फोटो काढून घेणंही वर्ज्य. थंडीत आई गेली, तेव्हा तिचा चेहरा उरला तो एवढ्या कॅनव्हासवर. तोच पाहायला धाकटी बहीण टॅसी उद्या शेतावरून येणार होती.

"खालून नुसती धूळ दिसते हो," शिडी धरून उभे असलेले म्हातारे मिस्टर लव्हरिंग म्हणाले. त्या घोळक्यात हा एकच भला माणूस. "माझं ऐका, खांद्यावर लाल शाल टाका. लोक माना वर करतील."

"आईनं जन्मात लाल अंगाला लावलं नाही."

"लोकांना काय ठाऊक तुमची आई?"

ऑर्फानं बराच वेळ आईकडे पाहिलं. मग लाल रंग काढला. हात एकदा सुटला की थांबत नाही. शालीला शोभावी म्हणून गालांवर लाली आली, ओठांवरही आली. तिला दोष देणं सोपं आहे. उभा जन्म मुलींना कपबशांवर गुलाब काढायला शिकवून बघावा, मग बोलावं.

दुसऱ्या दिवशी माना खरंच वर झाल्या. "ती लाल शालवाली बघ!" लोक एकमेकांना दाखवत होते. एका अनोळखी बाईनं ऑर्फाचा हात हातात घेतला. ऑर्फाला इतका आनंद झाला की रडूच आवरेना.

दुपारी टॅसी आली, करडी टोपी सावरत. तिनंही मान वर केली.

"छान काढलीस गं," ती म्हणाली. "कोण म्हणायची ही? बड्या घरची दिसतेय. बरं चल, आता आईचं दाखव."

ऑर्फा तिच्या करड्या टोपीकडे बघत म्हणाली,

"आईचं... घेतलं नाही त्यांनी."

टॅसीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "मेले ते! जाऊ दे. आज राहणारच आहे मी तुझ्याकडे, घरीच दाखव."

आणि दोघी बहिणी त्याच दारातून, लाल शालीखालून, बाहेर पडल्या.