पिवळ्या ठिपक्याच्या सात गाड्या

दुसरं परिपत्रक आलं तेव्हा फिटर वर्कशॉपमध्ये हात पुसत उभा होता. साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि त्याचे हात पुसायचे राहूनच गेले.

पहिलं परिपत्रक चार महिन्यांपूर्वीचं. पुढच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी दाबून धरणारा भाग, ज्या दोन बोल्टांवर बसतो, ते सैल होतात, म्हणून कंपनीनं एका सालातल्या सगळ्या मोटारसायकली परत बोलावल्या होत्या. काम सोपं होतं. जुने बोल्ट काढायचे, नवे घालायचे, टॉर्कच्या पान्यानं ‘टक’ वाजेपर्यंत आवळायचे आणि मग बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिला म्हणजे शपथ घेतली, की हा बोल्ट मी आवळला. आता या दुसऱ्या कागदात लिहिलं होतं, की दुरुस्त झालेल्या काही गाड्यांचेही बोल्ट सैल सापडले आहेत; मालकांना कळवून पुन्हा तपासावे.

“ज्या सर्व्हिसिंगला येतील त्या तपासा,” साहेब म्हणाले. “घरोघर हिंडायला आपण काय मतं मागतोय?”

सगळे हसले. फिटर हसला नाही. त्याला एक दुपार आठवत होती.

त्या दुपारी त्याच्यापुढे सात गाड्या ओळीनं उभ्या होत्या. रंगाची बाटली दर वेळी उघडा, ब्रश दर वेळी पुसा, यात वेळ जातो म्हणून त्यानं नवे बोल्ट हातानं बसवले आणि सातही गाड्यांना आधीच ठिपके देऊन टाकले. मग एका टोकापासून आवळायला घेतलं. तिसरी की चौथी चालू असताना हॉस्पिटलातून फोन आला. मुलगी सुखरूप बाळंत झाली होती, नात झाली होती. तो बाहेर जाऊन रडला, हसला, भेटेल त्याला सांगत सुटला. परत आला तो देवाचे आभार मानतच, आणि पुढच्या गाडीला पाना लावला. पुढची म्हणजे चौथी की पाचवी? सगळ्यांवर ठिपके होते. ठिपके काही बोलत नाहीत.

त्यानं रजिस्टरमधून सात पत्ते उतरवून घेतले.

“सुट्टीच्या दिवशी पाना घेऊन कुठे?” बायकोनं विचारलं.

“एक काम अर्धं राहिलंय.”

“तुमचं? तुम्ही तर नळ बंद केलात तरी दोनदा बघता!”

त्यानं पाना काखेत मारला आणि चपला घातल्या.

तीन सुट्ट्यांत सहा गाड्या झाल्या. कुणी म्हणालं, “कंपनी घरी येते आता? मग तेलही बदला की!” कुणी दारातच उभं ठेवलं. तो वाकायचा, पाना लावायचा, जोर द्यायचा. टक. बोल्ट तसूभरही फिरायचा नाही. पहिली टक ऐकून त्याला केवढं बरं वाटलं होतं! तिसरीला तेवढं वाटलं नाही. सहाव्या गाडीचेही बोल्ट घट्ट निघाले तेव्हा तो पाना लावून तसाच बसून राहिला. मालक म्हणत होता, “चांगलंच आहे की मग!” आणि फिटरच्या खिशातल्या कागदावर एकच पत्ता उरला होता.

सातवी गाडी एका शिंप्याची होती. पुढे दुकान, मागे राहायची खोली. शिंपी मशीनवर होता, त्याची बायको उसवत बसली होती आणि भिंतीकडच्या खाटेवर त्याची थोरली बहीण होती. तिचा उजवा हात कोपरापासून सरळ, मांडीवर ठेवून दिल्यासारखा.

“गाडी?” शिंपी म्हणाला. “मागं ताडपत्रीखाली आहे. आम्ही पडलो ना तिच्यावरून. आता नाही चालवत.”

“वहिनी,” खाटेवरून आवाज आला, “त्याला सांग, पांढरा दोरा संपलाय.”

शिंपी चार हातांवर बसला होता. त्याच्या बायकोनं मान वर न करता सांगितलं, “अहो, पांढरा दोरा संपलाय म्हणे.”

“तिला सांग, आणतो.”

“आणतो म्हणतायत.”

मागच्या बोळात जाताना शिंपी हळू आवाजात म्हणाला, “अकरा आठवडे हे असंच चाललंय. ताईच्या हातची काजं बघायला लोक दुसऱ्या पेठेतून यायचे. आता सुई धरता येत नाही तिला. हळू चालव म्हणत होती मागं बसून. तसा मी हळूच होतो हो… पण ब्रेक दाबला आणि चाकच अडकलं. दाबला असेल मी जोरात. माझाच हात.”

फिटरनं ताडपत्री उचलली. वरच्या बोल्टची जागा रिकामी होती. खालचा होता. पाना लावायची गरजच पडली नाही. दोन बोटांनी तो फिरला आणि तळहातावर आला.

शिंपी वाकून बघत होता. “पिवळी खूण आहे की! म्हणजे काम चोख झालं होतं. मी तेच सांगतो सगळ्यांना, गाडीला बोल लावू नका.”

एवढ्यावर निघता आलं असतं. रजिस्टरमध्ये सही होती, बोल्टवर ठिपका होता, आणि समोरचा माणूस स्वतःच गुन्हा घेऊन बसला होता. एका माणसाचं ओझं दुसरा मुकाट्यानं वाहतोय, आणि ज्याचं आहे तो नुसता बघतोय, याहून मोठं पाप काय असणार? फिटर तिथंच मातीत बसला.

“हा मी आवळला नव्हता,” तो म्हणाला. “ठिपका आधी दिला. आवळायचा राहिला.”

शिंपी त्याच्या तळहातावरचा बोल्ट निरखत राहिला. मग त्याच्या दंडाला धरून उठवत म्हणाला, “हे आत येऊन सांगा.”

आत त्यानं सांगितलं. सात गाड्या, ठिपके, फोन, सगळं. खाटेवरच्या बाईचे डोळे त्याच्या तोंडावरून हलले नाहीत.

“मी साहेबांनाही सांगणार आहे,” तो म्हणाला. “नोकरी गेली तरी.”

“तुमची नोकरी जाऊ दे नाहीतर राहू दे, माझा हात काही वाकत नाही,” ती म्हणाली. मग तिनं मान वळवली, थेट भावाकडे. “उभं काय ठेवलंस त्यांना? स्टूल दे. आणि कागद दे. लिहून देऊ देत.”

शिंपी स्टूल आणायला गेला तो कपड्यांच्या ढिगाला अडखळला. त्याच्या बायकोनं उसवण खाली ठेवली आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली.

फिटरनं ऑर्डरच्या वहीतल्या पानावर लिहिलं. ताईनं डाव्या हातानं पान धरून वाचलं.

“‘चुकून राहिला’ लिहिलंय. ते ‘चुकून’ काढा.”

“ताई, अगं, कबूल करतायत ना ते!”

“तू गप्प बस. फोन आला, विसरले, ते माणसाचं होतं. पण आवळायच्या आधी ठिपके दिले, ते चुकून नाही दिले. वेळ वाचवायला दिले.”

फिटरनं ‘चुकून’वर रेघ मारली. वर लिहिलं, ‘वेळ वाचवायला खूण आधी केली, आवळायचा राहिला.’ तारीख घातली, सही केली, आणि साहेबांसाठी तसंच दुसरं पान लिहून खिशात घातलं. कुणी त्याला माफ केल्याचं म्हणालं नाही, आणि तशी आशा धरायचं त्याला धाडसही झालं नाही.

तो पायरी उतरला तेव्हा मागं आवाज चढले होते.

“तरी मी म्हटलं होतं, हळू चालव!”

“अगं, बोल्टच नव्हता तिथं!”

“बोल्ट नव्हता ते आता कळलं. तू तेव्हा ऐकलं होतंस का माझं?”

कोपऱ्यावर बस होती, घराकडे जाणारी. फिटर तिच्यात चढला नाही. सुट्टी त्याची होती; वर्कशॉप तासभर तरी उघडं असणार होतं. उद्यावर टाकलं तर हा कागद खिशातच राहील, एवढं तो आता स्वतःला ओळखत होता. पाना काखेत धरून तो उलट्या दिशेनं चालू लागला.