कानबाईचा रोट

राघो खानदेश सोडून आलेला, परमुलखात बमरोलीच्या कापडाच्या लूम कारखान्यात वीस वर्षं मास्तर. मशीनचा आवाज जरा बदलला की लगेच मशीन थांबवून आत हात घालणारा माणूस. घरात मात्र बायको चौदा वर्षं उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत होती, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. पुष्पाबाईच्या घशाशी आंबट पाणी यायचं, छाती जळायची. हा म्हणायचा, मिरची कमी खा, आणि सोड्याची पुडी पुढे टाकायचा. घ्या, हा मोठा डॉक्टर!

खऱ्या डॉक्टरनं तपासलं तेव्हा दोन दुखणी निघाली. पित्ताशयात खडे, आणि जठराचं वरचं तोंड सैल. दुर्बिणीतून, पोटावरच्या त्याच चार-पाच भोकांतून दोन्ही कामं एका भुलीत होणार होती. पित्ताशय काढायचं आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालायचे. नर्सनं तीनतीनदा बजावलं होतं, रात्रीपासून पोटात काही जायला नको.

आणि नेमकी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पुनव. कानबाई म्हणजे खानदेशची माय. तिच्या प्रसादाचे रोट पुनवेआधी संपवायचे, उरवायचे नाहीत, घराबाहेर द्यायचे नाहीत. पुष्पाबाईचा वाटा डब्यात तसाच होता, तिला गिळवतच नव्हता. सकाळी निघायच्या आधी राघोनं तो दुधात कुस्करला.

“नर्स नही म्हनेल शे,” पुष्पाबाई म्हणाली.

“मायना परसाद शे. दोन घास खाई ले, काही व्हत नही.”

तिनं खाल्ले. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली होती?

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सुबह से कुछ खाया-पिया?”

पुष्पाबाईनं राघोकडे पाहिलं आणि म्हणाली, “नहीं.”

ट्रॉली आत गेली, दार लागलं. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल, असं नर्सनं सांगितलं होतं. आणि हिचं तर जागेपणीही वर येतं! मेल्या, चौदा वर्षं ऐकलं नाहीस, आणि आज तूच घास भरवलास. बोलावं तर चारचौघांत शोभा होणार होती. त्यानं दोन्ही हातांनी दारावर थापा मारल्या.

“मैंने खिलाया,” दार उघडताच तो म्हणाला. “दूध-रोटी, सात बजे. वो मेरे लिए झूठ बोली.”

डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळ्यांदेखत झाप झाप झापलं. तो मान खाली घालून उभा राहिला, कारण एकही शब्द खोटा नव्हता. ऑपरेशन गुरुवारवर गेलं.

वॉर्डात आणल्यावर पुष्पाबाई हळूच म्हणाली, “तुम्हले बोलतीन म्हनीसन सांगं नही.”

राघोला तिच्याकडे बघवेना. त्यानं तिच्या पाठीशी उशी सरकवली, चौदा वर्षांत पहिल्यांदा.

“दुखस का?”

“नही.”

हेच ‘नही’ मघाशी दाराशी ऐकलं होतं. घरी किती वेळा ते ऐकून तो कूस बदलून झोपला होता, त्याला मोजता येईना.

“खरं सांग.”

तिनं छातीवर हात ठेवला. मग म्हणाली, “दुखस. भलतं दुखस.”

आणि पार पहिल्या दिवसापासून सांगायला लागली. राघो स्टूल ओढून ऐकत बसला.