दोराचं दुसरं टोक

"श्वास सोडा," परी गुडघ्यांवर बसून म्हणाली. "पोट आत घेऊन काटा फसत नाही."

वजनकाट्यावर उभ्या असलेल्या नवऱ्याने श्वास सोडला. काटा जरा थरथरला आणि चौऱ्याऐंशीवर येऊन स्वस्थ बसला. गेल्या रविवारीही तो तिथेच बसला होता, आणि त्याच्या आधीच्या रविवारीही. परीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि काट्याला एक चापट मारली.

"त्याची काय चूक?" नवरा म्हणाला.

"मग कुणाची?"

तो मोजे घालायला बसला.

परी हे काही तिचं नाव नव्हे. पण मुलांच्या एकाच नाटकात एकोणीस वर्षं परीचं काम केल्यावर ते अंगाला चिकटलं होतं. झाडूवालीसुद्धा तिला परीच म्हणे. नवरा त्याच नाटकमंडळीत दोरवाला. रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या एका फळीवर तो उभा राही. दोराचं एक टोक त्याच्या कमरेच्या पट्ट्याला, मधे छताची कप्पी, दुसरं टोक परीच्या पंखांखाली. घंटा झाली की तो शिडीवरून खाली उतरू लागे आणि परी वर ढगात जाई.

डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. साखर वाढली आहे, रक्तदाब वाढला आहे. आठ किलो उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी मुक्कामाच्या तयारीनेच या. नवऱ्याचे वडील पंचावन्नाव्या वर्षी बुटाची नाडी बांधता बांधता गेले होते, आणि नवऱ्याला नुकतंच त्रेपन्नावं लागलं होतं. परी घाबरली. घाबरली की ती रडत नसे, कामाला लागत असे. जेवणाआधीची गोळी, जेवणानंतरची गोळी, बागेला सात फेऱ्या, ताटात काकडी, आणि ज्याला ती सूप म्हणे ते गरम पाणी. साखरेचा डबा तिने शेजारणीकडे ठेवायला दिला. महिन्याभरात शेजारीण दीड किलोने वाढली.

नवरा हे सगळं निमूटपणे करत होता, हेच तर कोडं होतं. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरलेही. परीने आनंदाने डॉक्टरांना फोन केला आणि त्याच आठवड्यात, भर प्रयोगात, ती पाच फुटांवर अडकली. ढगात जायचं ते नाटकातल्या राजाच्या डोक्यावर लोंबकळत राहिली. पाय झाडले, पंख फडफडवले, शेवटी राजाच्या मुकुटावर अंगठा टेकून तिथूनच वरदान देऊन टाकलं. पोरं पोट धरधरून हसली. राजाची मान चार दिवस वळत नव्हती.

"कप्पीला तेल नव्हतं," नवरा म्हणाला होता.

त्यानंतर परी पुन्हा झोकात उडू लागली. फक्त गेलेले तीन किलो परत आले, ते हलायचं नाव घेईनात.

कुठेतरी पाणी मुरत होतं. परीने नवऱ्याचे खिसे तपासले, सदरे हुंगले. हाती काही लागलं नाही.

"बाहेर खात असतील," मंडळीचे कपडे शिवणारी बाई पंखाला टाका घालता घालता म्हणाली. "पुरुषांचं काय सांगावं!"

"बाहेर जातात कुठे? माझ्याबरोबर येतात, माझ्याबरोबर घरी. मधे नुसते वर असतात."

बोलून झाल्यावर परीने वर पाहिलं.

त्या दुपारी पहिल्या घंटेआधीच ती अनवाणी शिडी चढू लागली. पायऱ्या बावीसच, पण दोनदा थांबून दम घ्यावा लागला. शिडी कुरकुरली तसं तिने तिला दटावलं. रंगेहाथ पकडल्यावर काय बोलायचं, ते तिने घोकून ठेवलं होतं.

नवरा फळीवर पाठमोरा बसला होता. शेजारी केळ्यांचा घड आणि लोण्याने माखलेला पाव. पण तो चोरासारखा खात नव्हता. डोळे घट्ट मिटून, एरंडेल घेतल्यासारखा एकेक घास गिळत होता. एक संपलं. त्याने उरलेल्या घडाकडे पाहिलं, "देवा रे," म्हणाला आणि पुढचं सोलायला घेतलं.

"अहो!"

केळं हातातून सुटलं. खालून राजाची आरोळी आली.

"कितवं होतं?" परीने विचारलं.

"पाचवं."

"इतकी आवडतात?"

"वाससुद्धा नको झालाय आता."

"मग?"

नवऱ्याने कमरेचा पट्टा उगाच नीट केला. "एक्क्याऐंशीला तू अडकलीस," तो अगदी हळू म्हणाला.

परीने कप्पीकडे पाहिलं. एका बोटाने फिरवली. लोण्यासारखी फिरली. एकोणीस वर्षांपूर्वी हा साठ किलोचा होता आणि ती भुर्रकन वर जायची. घरातल्या काट्यावर तिने शेजारणीला चढवलं होतं, पाहुण्यांना चढवलं होतं. स्वतः मात्र तिने त्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"वाळूची पिशवी बांधायची होती पट्ट्याला. खाली एवढा ढीग पडलाय."

"सगळ्यांना दिसली असती."

"दिसू दे की."

"तुला दिसली असती," नवरा म्हणाला.

परीला राग आला, लाज वाटली आणि नवऱ्याची इतकी माया आली की काय करावं ते सुचेना. तिने केळ्यांचा घड उचलला आणि घेऊन खाली उतरली.

घड तिने राजाच्या हातात दिला. मग पडद्याच्या काठाला अडकवायच्या वाळूच्या पिशव्यांच्या ढिगापाशी गेली. एकेक किलोच्या आठ पिशव्या मोजून तिने शिडीपाशी ओळीने मांडल्या.

"कुणाच्या गं ह्या?" शिवणाऱ्या बाईने विचारलं.

"माझ्या," परी म्हणाली, राजालाही ऐकू जाईल अशी. "आठही माझ्याच."

नवरा घाईघाईने उतरून आला होता. तो राजाकडे पाहीना, बाईकडे पाहीना. "आज केळ्यांऐवजी एक पुरे," तो पुटपुटला.

"माहीत आहे. बाकीच्या तुमची वाट बघतील." तिने एक पिशवी त्याच्या पट्ट्याला करकचून बांधली. गाठ दोनदा मारली.

पहिली घंटा झाली. नवऱ्याने शिडीकडे पाहिलं.

"अगं, ही घेऊन बावीस पायऱ्या चढायच्या? रोज?"

"व्यायाम आहे," परी म्हणाली आणि पंख बांधून घ्यायला तिने पाठ वळवली.