सहा गल्ल्या राहिल्या

मित्रांनो, कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत बसलेला, दोन मोठ्या रिळांचा जुना टेपरेकॉर्डर म्हणजे मी. १९७४ साली पिंपरीतल्या एका कामगार वस्तीच्या मंडळाने मला देहूरोडच्या बाजारातून आणले. गणपतीत माझ्यावर आरत्या लागत. लोक कौतुकाने भोवती जमत.

वस्तीत सात गल्ल्या होत्या. कोणी बीडचे, कोणी कोकणातले, सारे कंपनीत कामाला आलेले. लग्नघरी हळद दळताना कस्तुराबाई स्वतः रचलेले गाणे म्हणत. त्यात सातही गल्ल्या येत. त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून गाणे कुठे उतरवलेले नव्हते.

१९७८ साली त्यांना ऑपरेशन सांगितले. तेव्हा मंडळाने गाणे माझ्यावर घ्यायचे ठरवले. कोरे रीळ एकच होते. कस्तुराबाईंचे यजमान उद्धवराव मंडळाचे चिटणीस. त्यांनी मला सुरू केले आणि स्वतःच बोलायला उभे राहिले. पाहुण्यांचे स्वागत झाले, वस्तीचा इतिहास झाला.

“उद्धवभाऊ, आवरा राव! वहिनींना गाऊ द्या,” मंडळातले दौलतराव मागून ओरडले.

“थांबा हो, आभार राहिलेत.”

“ह्यांचं भाषण म्हंजी ओव्हरटाइम हाय,” कस्तुराबाई म्हणाल्या. सगळे हसले. मग त्या गाऊ लागल्या.

नळाच्या गल्लीत गं, हंडे लागले रांगंला,
लातूरची सासूबाई हाक मारी कोकणाला.

दुसरी गल्ली सुरू होताच रीळ संपले.

“भाषण पुसा आन् परत घ्या,” दौलतराव म्हणाले.

“पाहुण्यांची नावं पुसायची? बरं दिसेल का? पुढच्या रविवारी नवं रीळ आणू.”

त्या रविवारी कस्तुराबाई दवाखान्यात होत्या. तिथून त्या परत आल्या नाहीत.

उद्धवराव गल्लोगल्ली विचारत फिरले. प्रत्येकाला वाटत होते, दुसऱ्याला पाठ असेल. चाल सगळ्यांना येत होती, शब्द कोणालाच नाही. उद्धवरावांनी ते गाणे सोळा वर्षे ऐकले होते. त्यांना स्वतःच्या गल्लीची ओळसुद्धा आठवली नाही.

आता मंडळाकडे नवा कॅसेटचा टेप आहे. मला कोणी विचारत नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. उद्धवराव मात्र कधीकधी मला लावतात. भाषण पुढे सरकवत नाहीत. सगळे ऐकतात, मग त्या दोन ओळी ऐकतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. तुमच्या घरात कोणी गात असेल, तर आजच तिच्याजवळ बसा आणि शब्द विचारून घ्या. ती गेल्यावर वस्तीभर फिरून काही मिळत नाही.