यादीतलं शेवटचं पंपघर

पाणीपुरवठा खात्याच्या अकरा पंपघरांत, तिथली यंत्रं कंट्रोल रूमशी जोडणारे नवे स्विच बसवायचं काम तिच्याकडे होतं. खात्यात तिला सगळे नेटवर्कवालीच म्हणत. आठ महिन्यांत दहा पंपघरं उरकली होती. अकरावं टेकडीवरचं. तिथे ती पिशवीत लॅपटॉप आणि केबलींचं भेंडोळं घेऊन धापा टाकत पोचली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

टेकडीवाले काका दारातच उभे होते. एकोणीस वर्षं ते तिथे एकटे राहत होते. दर दोन तासांनी टाकीची पातळी आणि पंपांची हालत बघायची आणि खाली कंट्रोल रूमला फोन करायचा, हे त्यांचं काम. फोनला जरा उशीर झाला की खालचे लोक म्हणायचे, काका टाकीत पडले वाटतं. आठवड्यातून एकदा बदली माणूस आला की काका एक दिवस घरी जायचे.

तिने भिंतीवरची लोखंडी पेटी उघडली. पंपांच्या, मीटरच्या, कॅमेऱ्याच्या केबली तिथे एकत्र येत होत्या. जुना डबा काढून तिने नवा स्विच बसवला, लॅपटॉप जोडला आणि कामाला लागली. स्विचला नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता दिला, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, कंट्रोल रूमच्या दोन कॉम्प्युटरांखेरीज कुणाला आत शिरता येणार नाही अशी तजवीज केली. काही बिघडलं तर खाली लगेच कळेल आणि बरीचशी दुरुस्तीही तिथूनच करता येईल, असं तिने काम करता करता काकांना समजावलं. ते स्टुलावर बसून मुकाट्याने ऐकत होते. माणूस अबोल आहे, एवढंच तिला वाटलं.

"आता परीक्षा. काका, ती निळी केबल ओढून काढा."

काकांनी केबल ओढली. स्विचवरचा हिरवा दिवा विझला. अर्धं मिनिट गेलं नसेल तोच फोन वाजला. दोन नंबरच्या पंपाची लाइन तुटल्याचं खाली कळलं होतं.

काका हातातल्या केबलीकडे बघत राहिले. "एवढ्या लवकर कळतं?"

"हो. आता इथे कुणी राहायची गरज नाही."

"साहेब तेच म्हणाले होते," काका म्हणाले. मग हळूहळू सगळं निघालं. दोन वर्षांपूर्वी बायको अंथरुणाला खिळली. तिला उठवून बसवायलाही माणूस लागायचा. काकांनी खाली बदली मागितली, एकदा नाही, तीनदा. टेकडीवर माणूस लागतोच, यंत्र बसलं की तुम्हाला सोडतो, असं साहेबांनी सांगितलं होतं. बायको रोज फोनवर विचारायची, यंत्र आलं का? चार महिन्यांपूर्वी ती गेली. शेजारणीने कळवलं, पण बदली माणूस येईपर्यंत यांना टेकडी सोडता आली नाही.

कुठल्या पंपघराचा नंबर आधी लावायचा, ती यादी साहेबांनी केलेली नव्हती. नेटवर्कवालीने स्वतः केली होती, चहा पिता पिता, दहा मिनिटांत. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती काकांसमोर जमिनीवर बसली.

"काका, यादी मी केली होती. जिथे माणूस नाही ती ठिकाणं आधी घेतली. तुमच्याकडे माणूस आहे, मग घाई कसली, असं म्हणून तुमचं शेवटी टाकलं."

काकांनी हातातली केबल बोटांभोवती गुंडाळली.

"तुम्हाला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"मी विचारलं नव्हतं."

"हं. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी."

त्यांनी आवाज चढवला नाही, की जाऊ द्या असंही म्हटलं नाही. तिने माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती होकाराची की कसली, तिला कळलं नाही. मग केबल जागेवर लावून त्यांनी विचारलं, "अजून काही राहिलंय?" राहिलं होतं. तिने डोळे पुसले, सगळी सेटिंग जतन केली, वीज गेली तरी ती टिकते का हे दोनदा तपासलं आणि टेकडी उतरली. वाटेत दोनदा तिला थांबावं लागलं.

पुढच्याच आठवड्यात काकांना खाली आणलं. रिकाम्या घरात त्यांचं मन लागेना, म्हणून ते धाकट्या भावाकडे राहायला गेले.

वर्षअखेरीस चौदा व्हॉल्व्हघरांचं काम निघालं. साहेबांनी यादी मागितली, तेव्हा तिने पंधरा दिवसांची मुदत घेतली. ती प्रत्येक ठिकाणी स्वतः गेली आणि तिथल्या माणसाला घरचं विचारलं. काहींनी उडवून लावलं, एकाने तर बाईंना लग्न जमवायचंय का असं विचारलं. नवव्या ठिकाणच्या चौकीदाराने मात्र तिला बसायला खुर्ची दिली आणि आईच्या डोळ्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. तिने पेन काढलं नाही. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती नुसती ऐकत राहिली.