भागुबाईची मिश्री

भागुबाईनं नवऱ्याची तंबाखू सोडवायचं मनावर घेतलं, तेव्हाच मखमलाबादच्या त्या मळ्यात सगळ्यांना कळलं, की आता बिचाऱ्या भिमाजीची धडगत नाही. बाईच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की शेजारच्या शेवंतीतले लोकही माना खाली घालून खुरपायला लागत.

कारण मात्र खरं होतं. भिमाजीच्या गालात आतून पांढरा चट्टा पडला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "तंबाखू आत्ता सोडली तर बरं व्हायची आशा आहे. नाही सोडली तर कॅन्सरची भीती आहे." तेव्हापासून भागुबाईला धड झोप नव्हती. आणि भीती वाटली की ही बाई रडत नाही, भांडते. नवऱ्याचे खिसे उलटेपालटे करायची, पुडी सापडली की बांधावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याचा उद्धार करायची. भिमाजी सोडायचा, थोडे दिवस गप्प गप्प राहायचा आणि पुन्हा खायचा. शेवटी एक दिवस फुलं बाजारात देऊन झाल्यावर तिनं त्याला सरकारी दवाखान्यातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात ओढतच नेलं.

तिथली समुपदेशक वैष्णवी वयानं लहान होती, पण ऐकून घ्यायची. भागुबाईनं नवऱ्याच्या चुकांचा सगळा पाढा वाचला. तो संपल्यावर वैष्णवीनं भिमाजीलाच विचारलं, "काका, सोडल्यावर पुन्हा तलफ येते, ती नेमकी कधी?"

भिमाजी पायाकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना, ताई."

"ऱ्हाऊ द्या काय? सांगा की!" भागुबाई कडाडली. "तो तुमचा दोस्त मोतीराम देत आसंल, दुसरं कोण?"

"मोतीराम नाय," भिमाजी हळूच म्हणाला. "ही चुलीवर मिश्री भाजती ना, तवा. घरभर वास सुटतो. मग नाय राहवत."

भागुबाईला हसूच आलं. "ऐका! अहो, मिश्री काय तंबाखू हाय का? जळून कोळसा होतो तिचा. दात घासायची वस्तू ती!"

"मावशी, भाजली तरी तंबाखूच ती," वैष्णवी म्हणाली. "भाजल्यानं तिच्यातलं विष जात नाही. दिवसातून किती वेळा लावता?"

भागुबाई मनातल्या मनात मोजायला लागली. सकाळी उठल्यावर तर लावायचीच. जेवल्यावरही. डोकं धरलं की, जीव कंटाळला की, नुसतं बसायला मिळालं तरी बोट डब्यातच. आईचं बघून ती शिकली होती. आजवर कुणी मिश्रीला तंबाखू म्हटलंच नव्हतं.

"मग येवढं दिवस बोलला का नाय?" तिनं नवऱ्याला विचारलं. आवाज अजून चढाच होता, पण त्यातला जोर गेला होता.

"दिवसभर उन्हात राबतेस. तुला तेवढंच एक सुख. ते कसं काढून घेऊ?"

घरी आल्या आल्या तिनं मिश्रीचा डबा खताच्या खड्ड्यात रिकामा केला. मिश्री सोडायला काय लागतं! पण दोन-तीन दिवसांत डोकं ठणकायला लागलं, पोट साफ होईना, भाकरी करपली तर ती भाकरीवरच खेकसली. मग एका दुपारी झेंडू तोडता तोडता पाटी टाकून उठली आणि तरातरा दुकानाकडे निघाली. वाटेत बांधावर भिमाजी उभा.

आता हा बोलणार, तिला वाटलं. बोलू दे. आपण काय कमी बोललो त्याला?

"मिश्रीला चाललीस ना?"

"हो, चालले. काय म्हणायचं ते म्हणा."

"काय नाय म्हणायचं. बस जरा. ही कळ थोडा वेळच ऱ्हाती, मग उतरती. मला माहीत हाय."

त्यानं तिच्या हातावर बडीशेप ठेवली आणि शेजारी बसला. फुलं तशीच तोडायची राहिली होती, तरी उठला नाही. ती बडीशेप चघळत राहिली.

"तुम्हालाबी असंच व्हायचं?"

"असंच."

"मग तवा तुमच्यापाशी कोण बसायचं?"

"कोण बसणार? तू खिसे बघत असायची," भिमाजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. भर दुपारी, बांधावर, भागुबाई हमसून हमसून रडायला लागली.

"अगं, हळू," भिमाजी गडबडला. "लोकांना वाटंल मी मारलं."

"वाटू द्या," ती म्हणाली. "तुम्ही उठू नका."